मदत हवी आहे: रोबोट एका धावेत बरोबर, पुढच्या धावेत भलतीकडेच

घाईत_आहे
शनिवारी लेगो रोबोटची स्पर्धा. रोबोट पहिलं मिशन (मॅटवरच्या मॉडेलचं ठरलेलं काम) करतो, मग डावीकडे वळून दुसऱ्याकडे जातो. तिथे कधी पोचतो, कधी नाही. प्रोग्रॅम तोच, मॅट तीच. सगळं करून पाहिलं. प्लीज लवकर सांगा.

चक्रधर
कुठली स्पर्धा? किट कुठला? वळण जायरोवर (किती अंश वळला ते मोजणारा सेन्सर) की अंदाजाने? आणि 'सगळं' म्हणजे नक्की काय काय?

घाईत_आहे
फर्स्ट लेगो लीग, अजून कुठली! किट स्पाइक प्राइम. जायरो हबमध्येच, म्हणजे रोबोटच्या कंट्रोलरमध्येच असतो ना.

भिंतवाला
जायरो-बियरो सोडा. टेबलाला चारी बाजूंनी कडा आहे, तिला रोबोटची पाठ टेकवा. सपाट टेकला की सरळ झालाच. आमच्या मुलांनी अख्खा हंगाम यावर काढला.

चक्रधर
आणि मिशन मधोमध असेल तर? दर वेळी कडेला जाऊन यायचं? सामना अडीच मिनिटांचा असतो. वळणात २ अंशांची चूक राहिली तर मीटरभर पुढे ती साडेतीन सेंटिमीटर होते, म्हणजे रोबोटचा हात मॉडेलला लागतच नाही. प्रपोर्शनल करेक्शन घाला, म्हणजे जितकी चूक तितकी दुरुस्ती. दुसरा इलाज नाही.

भिंतवाला
निघतानाच वाकडा ठेवलेला रोबोट तुमचं करेक्शन अगदी नेमाने वाकडाच नेईल.

पोस्टरवाली
रोबोटच्या नादात सगळे इनोव्हेशन प्रोजेक्ट (एखाद्या प्रश्नावर संघाने शोधलेला उपाय) विसरतात. रोबोट गेम, रोबोट डिझाइन, प्रोजेक्ट आणि कोअर व्हॅल्यूज (संघभावना वगैरे मूल्यं), चौघांना सारखंच वजन आहे. सादरीकरणात प्रत्येकाच्या तोंडी दोन वाक्यं तरी द्या. प्रॉप्स हलके ठेवा.

घाईत_आहे
प्रोजेक्ट झालाय. मी वळणाचं विचारतेय.

जुना_परीक्षक
राग मानू नका, पण प्रोग्रॅम लिहितंय कोण? पालक असाल तर लॅपटॉप मुलांकडे द्या. 'प्रोग्रॅममधला हा ब्लॉक इथे का?' असं विचारलं की कळतंच.

घाईत_आहे
काका, मी आठवीत आहे. प्रोग्रॅम माझाच आहे.

जुना_परीक्षक
मग उत्तमच. इथे निम्मे धागे बाबालोकांचे असतात म्हणून विचारलं.

भिंतवाला
बाबालोकांनी स्क्रूसुद्धा उचलून द्यायचा नाही का आता?

जुना_परीक्षक
लेगोत स्क्रू कुठून आला?

साधी_तार
भांडण नंतर. घाईत_आहे, चुकतं तेव्हा वळण कमी पडतं की जास्त? सरावाच्या सुरुवातीला की शेवटी? वळण कशावर थांबवतेस, ब्लॉक कुठला?

घाईत_आहे
कमी पडतं. आधी ठीक असतं, मग बिघडत जातं. पॉवरचा ब्लॉक, ७५ वर, आणि ठरावीक सेकंदांनी थांबवते. जायरो वापरलाच नाहीये.

साधी_तार
हे आधी लिहायचंस ना! पॉवर तीच ठेवली तरी बॅटरी उतरली की मोटर हळू फिरते. सेकंद तेवढेच, वळण कमी. पॉवरऐवजी स्पीडचा ब्लॉक घे. सरळ जाताना अंतर सेकंदांत नाही, चाक किती अंश फिरलं त्यावर मोज. ५६ मिमीचं चाक असेल तर एका फेरीला साधारण १७.६ सेंमी. वळणाला यॉ अँगल (जायरो दाखवतो तो वळणाचा कोन) वाच, शेवटचे थोडे अंश हळू घे, नाहीतर वेगामुळे पुढे घसरतो. हब सुरू करताना हातात धरू नकोस, टेबलावर स्थिर ठेव. आणि यॉ शून्य कधी करायचा? कडेला पाठ टेकलेली असताना. म्हणजे वरच्या दोघांचंही समाधान. मग पूर्ण चार्जवर आणि उतरलेल्या बॅटरीवर तेच वळण घेऊन बघ. बाकी काही बदलू नकोस.

चक्रधर
करेक्शन तरीही घालच.

घाईत_आहे
वळण बसलं!! दोन्ही बॅटरीवर. पण आता पहिल्या मिशनला हात मॉडेलवर आपटतो.

साधी_तार
स्पीड किती ठेवलास? अंतर अजून सेकंदांतच आहे का? प्रोग्रॅमचा फोटो टाक.

पोस्टरवाली
टीशर्टचा रंग ठरला का?