तीन एडिटर बसले की टाइमलाइन अडते: स्विच बदलावा की डिस्क?

शहापूरकर
तुळशीचं लग्न झालं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या स्टुडिओंत एकाच नॅसवर (नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणारा डिस्कांचा डबा) तिघं-तिघं एडिटिंगला बसतात. टाइमलाइन अडली की सगळे म्हणतात, स्विच (पीसी आणि नॅस एकमेकांना जोडणारा डबा) बदला. माझं मत उलट आहे. स्विच 10 गिगाबिटचा असेल तर त्याला हात लावू नका, डिस्क कमी पडायलेत. हिशोब करा. प्रोरेस 422 एचक्यू (एडिटिंगसाठीचा जड व्हिडिओ फॉरमॅट), यूएचडी म्हणजे 4के, 25 फ्रेम म्हणजे सेकंदाला 737 मेगाबिट, साधारण 92 एमबी. चार कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं की एका एडिटरला सेकंदाला 368 एमबी, दोघांना 736. तारेतून 1,100 एमबीपर्यंत जातं. चार डिस्कांच्या रेड 5 मधून (एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशी जोडणी) एकच मोठी फाइल वाचली तर 500-600 मिळतील, पण आठ फाइली एकदम मागितल्या की हेड इकडून तिकडं पळत राहतं आणि वेग कोसळतो. त्यात डिस्क भरत आली की आतल्या ट्रॅकवर वेग जवळजवळ निम्मा होतो. आठ डिस्क, रेड 6 (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो), आणि चालू कामासाठी वेगळा एसएसडी पूल. पैसा तिथं घाला.

खानापूर रोड
तुमच्याच हिशोबात तिसरा बसवा की ओ. 1,104 झाले. नॅसला 10 गिगाबिटचा एकच पोर्ट असेल तर वाट तिथंच भरली, डिस्क कितीही वाढवा. शिवाय तारेकडं कुणी बघतच नाही. बाजारात कॅट6 (नेटवर्क केबलचा एक दर्जा) छापलेली, आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असलेली केबल सर्रास मिळते. एक टोक सोलून ब्लेडनं कंडक्टर खरवडा. आत पांढरं दिसलं तर ती केबल 10 गिगाबिटच्या कामाची नाही. अशा तारेवर लिंक गुपचूप 1 गिगाबिटवर उतरते, म्हणजे 110 एमबी. खरी कॅट6 सुद्धा चांगल्या परिस्थितीत 55 मीटरपर्यंतच, पुढं कॅट6ए लागते.

तपासायचं असं: स्विचच्या सेटिंगच्या पानावर त्या पोर्टचा सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या पाकिटांचा) आकडा टिपून ठेवा, 50 जीबी कॉपी करा, परत बघा. वाढला तर आधी पॅचकॉर्ड (पोर्टला लावलेली छोटी तार) बदला, मग पोर्ट. आकडा स्थिर असेल तर एमटीयू (एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट जातात ते) बघा. पीसी आणि नॅस दोघांना 9000 आणि मधल्या स्विचला 1500 असेल तर फोल्डर उघडतो, छोट्या फाइली जातात आणि मोठी फाइल लटकते. विंडोजवर ‘पिंग -एफ -एल 8972’ आणि पुढं नॅसचा पत्ता. उत्तर आलं नाही तर मधे कुठंतरी 9000 बसलेला नाही.

शहापूरकर
तारेचं मान्य. पण मग आयपर्फ3 (नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवा ना, चार स्ट्रीमनी. 9.4 गिगाबिट आलं तर तार, नेटवर्क कार्ड, स्विच तिन्ही सुटले, आणि तरीही अडत असेल तर डिस्कच. चाचणीची फाइल नॅसच्या रॅमपेक्षा मोठी घ्या. 32 जीबी रॅम असलेल्या नॅसवर 10 जीबीची फाइल दुसऱ्यांदा वाचली तर तुम्ही रॅमचा वेग मोजताय. आयपर्फ चांगला, पण एकाच विंडोज पीसीवर कॉपी मंद असेल तर विंडोज 11 प्रोची 24एच2 किंवा पुढची आवृत्ती आहे का बघा. तिथं एसएमबी साइनिंग (फाइल शेअरिंगच्या प्रत्येक पाकिटावर सही) सक्तीचं केलंय, कमी ताकदीच्या नॅसवर त्याचा भार जाणवतो.

निपाणीकर
दोघंही खर्चाच्या वाटेनं निघालात. इथल्या लग्नाच्या शूटिंगमध्ये प्रोरेस असतं किती? बहुतेक फुटेज 100 मेगाबिटचं एच.264 (कॅमेऱ्यातच दाबलेला फॉरमॅट), म्हणजे क्लिपमागं सेकंदाला 12-13 एमबी. चार कॅमेरे धरले तरी 50. ते साध्या गिगाबिटवरही जातं. तीच क्लिप पीसीच्या एसएसडीवर टाकून चालवा. तिथंही अडली तर नेटवर्क आणि नॅस दोन्ही निर्दोष, पीसीला डिकोड, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडणं, जमत नाही. 10 बिट 4:2:2 (जास्त रंगमाहितीचं फुटेज) असेल तर हमखास, कारण एनव्हिडियाच्या आरटीएक्स 50 मालिकेआधीची ग्राफिक्स कार्डं ते हार्डवेअरनं उलगडत नाहीत. 1080 ची प्रोरेस प्रॉक्सी (एडिटिंगपुरती हलकी प्रत) बनवा, 38 मेगाबिट फक्त.

शहापूरकर
एसएसडीची चाचणी सगळ्यात आधी करावी, हे पटलं. प्रॉक्सीचं नाही. मिरवणुकीचं फुटेज रात्री येतं आणि पार्टीला सकाळी हायलाइट हवी असते, तेव्हा चार मेमरी कार्डांच्या प्रॉक्सी बनेपर्यंत अर्धी रात्र जाते.

निपाणीकर
कार्ड कॉपी होत असतानाच दुसऱ्या पीसीवर प्रॉक्सी लावा. पहिल्या कार्डावर कटिंग सुरू होतं, बाकीच्या मागून येतात.

खानापूर रोड
एक राहिलंच. स्टुडिओ खाली आणि नॅस पलीकडच्या घरात, मधे उघड्यावरून कॉपर तार, हे बंद करा. वळवाच्या विजेत पोर्ट जळतात ते याच तारेमुळं. दोन इमारतींमधे सिंगल मोड फायबर ओढा, दोन्ही टोकांना 10 गिगाबिटचे एलआर (लांब पल्ल्याचे) मॉड्यूल. फायबरमधून वीज जात नाही. आणि स्विचमधे आरजे45 चे एसएफपी प्लस मॉड्यूल (स्विचच्या खाचेत बसून तांब्याची तार जोडणारे) शेजारी-शेजारी कोंबू नका, ते चांगलेच तापतात आणि दुपारी लिंक पडायला लागते. रॅकमधल्या रॅकमधे डॅक केबल (दोन्ही टोकांना प्लग बसवलेली छोटी तांब्याची केबल) घ्या.

शहापूरकर
फायबरला माझा विरोध नाहीच. पण ते ओढल्यावरही चार डिस्कांवर तिघं बसले तर अडणारच, लिहून ठेवा.