गंजगोलाईच्या तोंडावरची बांधकामं, पाट्या आणि झाडं : नकाशासोबत दर्शनी बाजूही तपासावी का?

गोलाईकर (धागाकर्ता)

लातूरच्या गंजगोलाईची मांडणी १९१७ सालची, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांची. मधे दुमजली गोल इमारत, अंबाबाईचं मंदिर आणि चहूकडे फुटणारे १६ रस्ते. सोनं, कापड, मिरची, गूळ, चपला, ज्याची त्याची लाइन ठरलेली. आज ही रचना कागदावर आणि ड्रोनच्या फोटोत दिसते. चौकात उभं राहिलं की दिसतात त्या पाट्या.

बांधकाम परवानगीत एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम), सामासिक अंतर (प्लॉटच्या कडेने सोडायची जागा), उंची, पार्किंग तपासतात. रस्त्याकडच्या भिंतीवर पाटी कुठे बसणार, एसीची बाहेरची युनिटं कुठे लटकणार, पायरी नालीवर येणार का, समोरच्या झाडाचं काय होणार, हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की गोलाईच्या वर्तुळावर आणि १६ रस्त्यांच्या पहिल्या १०० मीटरमध्ये महापालिकेने पाच जणांची समिती नेमून या गोष्टी तपासाव्यात. एक आर्किटेक्ट, एक स्ट्रक्चरल इंजिनिअर, उद्यान विभागाचा एक, अग्निशमनचा एक आणि व्यापाऱ्यांचा एक. मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर पाट्या कमानींच्या आत बसवल्या आणि झाकलेल्या इमारती पुन्हा दिसायला लागल्या. आपल्याकडे का नको?

भुसारलाइन

नको, कारण मुदतीचं गणित बसत नाही. प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. तुमची समिती महिन्याला एकदा बसणार, एका बैठकीला कोरम नाही, दुसरीला आचारसंहिता. मग फाइल ५९व्या दिवशी 'त्रुटी' म्हणून परत. हे खेळ ठाऊक नाहीत असं कोणी म्हणू नये.

दुसरं. २०२०च्या एकत्रित नियमावलीत दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला कागद आणि फी भरल्याची पावती हीच परवानगी. गोलाईजवळची बहुतेक दुकानं दहा-बारा फूट तोंडाची. म्हणजे ज्यांच्यासाठी समिती काढायलेत, त्यातले निम्म्याहून जास्त तिच्यासमोर येणारच नाहीत. येणार कोण, तर दोन-तीन प्लॉट एकत्र करून रीतसर कॉम्प्लेक्स बांधणारा. नियमानं चालणाऱ्यालाच दंड की ओ हा.

आणि 'रूप' ठरवणार कोण? एकाला कमान आवडते, एकाला काच. आवडीनिवडीवर सही थांबली की सहीला भाव येतो.

फलक_फॅब्रिकेशन

आवडीनिवडी बाजूला ठेवा. पाटीचा प्रश्न आधी वजनाचा, वाऱ्याचा आणि आगीचा आहे. दिसण्याचा त्यानंतर.

नेहमीची पाटी घ्या. २० फूट लांब, ४ फूट उंच, एक इंची चौकोनी पाइपची फ्रेम, वर ३ मि.मी.ची एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांची शीट. क्षेत्रफळ साधारण साडेसात चौरस मीटर. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरला, म्हणजे ताशी १४० कि.मी., तर दर चौरस मीटरवर ९० किलोच्या वर दाब येतो. एका पाटीवर सातशे किलोच्या आसपास. वळवाचा वारा एवढा रोज सुटत नाही, पण अँकर, म्हणजे भिंतीत रुतवलेले बोल्ट, त्याच हिशोबाने हवेत. प्रत्यक्षात काय होतं? पाटी गच्चीच्या साडेचार इंची कठड्याला चार फास्टनरवर टांगलेली असते. तो कठडा खालच्या स्लॅबमध्ये सळईने बांधलेला नसतो, विटांवर विटा रचलेल्या असतात. पाटी निघत नाही, कठड्यासकट खाली येते.

जुन्या चुन्याच्या भिंतीत आणखी वाईट. फुगणारा फास्टनर आवळला की वीट आतून फुटते, वरून कळत नाही. तिथे भिंतीच्या आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूला सहा इंची प्लेट द्यावी लागते, किंवा जाळीची नळी घालून केमिकल अँकर. खर्च वाढतो म्हणून गिऱ्हाईक नको म्हणतं.

मग गंज. भिंत आणि पाटी यांच्यामध्ये चार-सहा इंचांची पोकळी राहते, तिथे पारवे बसतात. विष्ठा आणि पावसाची ओल मिळून वेल्डिंगचे जोड आधी खातात. पुढून पाटी नवी कोरी दिसते, मागे पाइपला बोट लावलं तर आत जातं. दर पावसाळ्याआधी मागची बाजू बघायला एक फूट रुंदीचं उघडणारं झाकण ठेवलं तरी पुरे, पण ते डिझाइनमध्ये नसतंच.

आणि आग. साध्या एसीपीच्या दोन पत्र्यांमध्ये पॉलिथिनचा गाभा असतो, तो वितळून पेटतो. पाटीच्या पोकळीत एसएमपीएस (दिव्यांना वीज पुरवणारा डबा) कोंबलेला, वायरचे जोड टेपने गुंडाळलेले. वर पहिल्या मजल्याच्या खिडक्या याच पाटीने झाकलेल्या. कापड दुकानात धूर झाला तर बाहेर जायला वाट नाही आणि शिडी लावायला खिडकी नाही. खनिज गाभ्याची पत्री, एसएमपीएस हवेशीर पण पावसापासून झाकलेल्या वेगळ्या पेटीत आणि खिडकीवर पाटी नाही, या तीन अटी घाला. त्यासाठी समितीत कवी बसवायची गरज नाही.

भुसारलाइन

@फलक_फॅब्रिकेशन, हे सगळं मान्य. पण हे तर इंजिनिअरच्या प्रमाणपत्राने होतं. समिती कशाला?

फलक_फॅब्रिकेशन

प्रमाणपत्र खुर्चीत बसून दिलेलं चालत नाही म्हणून. घाटकोपरला १३ मे २०२४ला पडलेला फलक १२० बाय १२० फुटांचा होता. तिथल्या महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. १७ जीव गेले. आकडा नियमात होता, फलकाला टेप कोणी लावला नाही.

देवनागरी_मोठी

एक जोड. दुकानं व आस्थापना कायद्यात २०२२ला दुरुस्ती झाली. पाटीवर मराठी देवनागरीत हवी आणि इतर लिपीपेक्षा अक्षर लहान नको. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिल्यावर सगळ्यांनी काय केलं? जुनी पाटी तशीच ठेवून वर दुसरी जोडली. वजन दुप्पट, अँकर तेच. देवनागरीला शिरोरेघ आणि वर-खाली मात्रा असतात, तेवढ्याच उंचीच्या पट्टीत रोमन अक्षराइतकं मूळ अक्षर बसत नाही. पट्टीच्या उंचीचा नियम करताना हे धरा, नाहीतर दोन फुटांच्या पट्टीत वेलांट्या कापलेल्या दिसतील.

आरसीसी

गोलाईकर, तुमच्या समितीची मला भीती वेगळी आहे. 'जुन्या बाजाराला शोभेल असं' म्हटलं की पहिली सूचना येते ती काळ्या दगडाची. बेसॉल्टची एक इंची फरशी चौरस मीटरला सत्तर किलोच्या घरात जाते. ती नुसत्या सिमेंट मसाल्यावर दुसऱ्या मजल्यापर्यंत चिकटवतात. एप्रिल-मेच्या उन्हात दगड आणि मागचा गिलावा वेगवेगळे ताणतात, पहिल्या पावसात पाणी मागे शिरतं, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी पोकळ आवाज यायला लागतो. डोक्याच्या उंचीच्या वर दगड लावायचा तर स्टीलच्या क्लॅम्पवरच. साधं लोखंड नको, ते फुगून दगड फोडतं.

आणि हे औसा तालुक्यातल्या किल्लारीपासून तासाभराच्या अंतरावर चाललंय. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात माणसं कशाखाली गेली? मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, दोन्ही तोंडांना बांधणारा लांब दगड नाही, आणि वर माळवदाचा मातीचा थरावर थर. तो 'देखावा' परत आणायचा असेल तर चित्रातच आणा. समितीने जोत्याची आणि लिंटलची पट्टी बघावी, नंतर कमान.

गोलाईकर

@आरसीसी, मुद्दा बिनशर्त मान्य, दगडाची सक्ती माझ्या डोक्यात नव्हती. मला हवी ती रेघ. सगळ्या पाट्या एका पट्टीत, शटरच्या वर आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या खाली. भिंतीपासून सहा इंचांपेक्षा पुढे नाही. गच्चीवर काही नाही. रंग ज्याचा त्याने ठरवावा.

@भुसारलाइन, भावाचं म्हणाल तर आजही भाव आहेच. फक्त कशाचा हे लिहिलेलं नाही.

कडुनिंब

सगळे भिंतीत अडकलेत. मी जमिनीचं बोलतो.

नवीन कॉम्प्लेक्सच्या नकाशात 'लँडस्केप' म्हणून हिरवा रंग भरलेला असतो. त्याचा अर्थ हिरवळ आणि दोन ओळी बॉटल पाम. हिरवळीला उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज किमान पाच लिटर लागतं. १०० चौरस मीटरला ५०० लिटर, म्हणजे माणशी १३५ लिटरच्या मापाने पावणेचार माणसांचं पाणी. हे शहर ते आहे ज्याला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. अशा गावात हिरवळ पास करणारा नकाशा मुळात परतच गेला पाहिजे.

पाम सावली देत नाही. गुलमोहर ठिसूळ, वळवात फांदी मोडतो. कोनोकार्पस झटपट वाढतो म्हणून सगळ्यांना आवडतो, मुळं मात्र पाइप आणि नालीत शिरतात. गुजरातने २०२३ला त्याच्यावर बंदीच घातली. लावायचं तर करंज, कडुनिंब. अरुंद जागी बहावा, आपटा.

चुकतं ते खड्ड्यात. काळ्या मातीत दीड फुटाचा खड्डा काढून रोप ठेवतात. ती माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोवळी मुळं तुटतात, पावसात खड्डा डबक्यासारखा भरून राहतो. एक मीटर लांब, रुंद, खोल खड्डा, तळाला मुरूम, वर माती आणि शेणखत. रोप आठ फुटी, बांबूला दोन ठिकाणी सैल बांधलेलं. पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर. आणि बुंध्याभोवती किमान चार बाय चार फूट जागा मोकळी. पेव्हर ब्लॉक बुंध्याला टेकवून बसवणाऱ्या ठेकेदाराचं बिल थांबवा, बाकी समिती नाही झाली तरी चालेल.

भुसारलाइन

झाड दुकानासमोर आलं की पाटी झाकते. मग काय होतं सगळ्यांना माहीत आहे. रात्रीतून बुंध्याची साल गोल काढली जाते किंवा मुळाशी काहीतरी ओतलं जातं. १९७५चा वृक्ष कायदा कपाटात राहतो.

कडुनिंब

म्हणूनच पाटी आणि झाड एकाच कागदावर हवं. झाड दोन दुकानांच्या मधल्या भिंतीच्या रेषेत लावा, शटरसमोर नको. खालच्या फांद्या दर वर्षी काढत बुंधा दहा फुटांपर्यंत मोकळा ठेवला की पाटी फांद्यांच्या खाली येते आणि गिऱ्हाईक सावलीत थांबतं. पाटी पहिल्या मजल्यावर नेली की मात्र झाड आणि पाटी यांचं वैर ठरलेलं. गोलाईकरांची पट्टी या कारणासाठी मला पटते, देखणेपणासाठी नाही.

नकाशावाला

दोन्ही बाजू एक गोष्ट सोडतायत. पाटी भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर येते. नकाशा मंजूर होताना दुकान कोण घेणार हेच ठरलेलं नसतं. त्यामुळे बांधकाम परवानगीच्या वेळी पाटीचं रूप तपासणं फुकट आहे. तपासायची ती पाटीची जागा. भिंतीत आरसीसीची पट्टी, तिच्यात आधीच सोडलेल्या प्लेटा, विजेचा एक पाइप आणि एसीच्या युनिटसाठी जाळीचा कोनाडा, ठिबकणाऱ्या पाण्याची नळी खाली नालीपर्यंत. हे नकाशात असलं की पुढचा भाडेकरू ड्रिल घेऊन भिंतीवर चढत नाही.

पश्चिमेच्या काचेचंही तसंच. मे महिन्यात संध्याकाळी पाचला लातुरात सूर्य क्षितिजापासून पंचविसेक अंशांवर असतो. पश्चिमेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा फूटभरसुद्धा सावली देत नाही. तिथे उभे पडदे किंवा सिमेंटची जाळी हवी. दक्षिणेला तोच दोन फुटी छज्जा मार्च आणि सप्टेंबरात भर दुपारी चार फुटी खिडकी पूर्ण झाकतो. सगळ्या बाजूंना सारखी काच लावलेला नकाशा आला की उन्हाळ्यातलं वीजबिल ठरलं समजा.

कायद्याने समितीपेक्षा सोपी वाट म्हणजे मोजता येणाऱ्या अटींचा एक पानी तक्ता. तो बंधनकारक करायचा तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल, महिनाभर हरकती, मग शासनाची मंजुरी. वेळ लागतो, पण एकदाच.

भुसारलाइन

तक्ता चालेल. सभासद नको, आकडे पाहिजेत. पण मग पायऱ्याही धरा. निम्म्या दुकानांचे ओटे नालीवर सिमेंटने पक्के बसलेत, साफ करायला नाली उघडतच नाही. दोन बाय दीड फूट, तीन इंच जाडीची सुटी फरशी टाकली तर साधारण पन्नास किलो भरते, दोन माणसं उचलतात. एवढं लिहा, आमची लाइन पहिली सही करेल.

गोलाईकर

तक्त्याने नव्या बांधकामाचं होईल. आत्ता टांगलेल्या शेकडो पाट्यांचं काय? तिथे कोणीतरी बघून निर्णय घ्यायलाच लागेल. समितीचा मुद्दा मी सोडत नाही.

फलक_फॅब्रिकेशन

त्याला समिती नको, शिडी हवी. गच्चीवरच्या म्हणजे आकाशचिन्हं, महानगरपालिका कायद्याचं कलम २४४. भिंतीवरच्या जाहिराती, २४५. अधिकार आयुक्तांकडे आधीच आहेत. मेच्या पहिल्या आठवड्यात कठड्यावरच्या पाट्यांपासून सुरुवात करा. हातोडीने कठडा ठोका, मागचा पाइप खरवडा, फास्टनर मोजा.

आरसीसी

कठडा ठोकताना खाली शटर बंद ठेवायला सांगा आणि दोरी बांधा. काही कठडे तेवढ्यानेच यायचे.