मदत हवी आहे: जयपूरला दोन दिवस, मीनाकाम आणि कोंदणकाम बघण्यासाठी

नमस्कार मंडळी. चिंचपेटी आणि लफ्फा या गळ्यातल्या दागिन्यांच्या नव्या डिझाइनसाठी शुक्रवार-शनिवार जयपूर ठरवतोय. जोहरी बाजार रविवारी बहुतेक बंद असतो, म्हणून हे वार.

शुक्रवारी सकाळी सिटी पॅलेसमधल्या प्रीतम निवास चौकातला मोरदरवाजा. त्या पिसाऱ्यात निळ्या-हिरव्या छटा एकमेकींना कशा भिडतात ते मीनाकामाला, म्हणजे धातूवर काचेचे रंग भाजून बसवण्याच्या कामाला, सरळ उपयोगी पडतं. दुपारी दागिन्यांचं आम्रपाली म्युझियम. शनिवार पूर्ण जोहरी बाजार आणि गोपालजी का रास्ता ही जवाहिऱ्यांची गल्ली.

खरी अडचण पुढे आहे. जडावाच्या (खडे कोंदणात बसवलेल्या) दागिन्याचं उत्तम मीनाकाम पाठीला असतं आणि काचेच्या कपाटात पाठ दिसतच नाही. पाठीची बाजू मांडलेली किंवा मागे आरसा लावलेली कपाटं कुठे आहेत?

दुसरं, भट्टी चालू असताना बघू देणारा कारखाना हवाय. मीन्याचे रंग एकेक करून भाजतात: पांढरा जास्त आच सोसतो म्हणून आधी, लाल नाजूक म्हणून शेवटी. क्रम चुकला तर लाल काळवंडतो. लाख (खड्यांखाली भरायची) आणि खडे त्यानंतरच, कारण लाख आचेला वितळते. हे टप्पे एका छताखाली दिसतील का, की खोदणारा, मीनाकार आणि जडिया (खडे बसवणारा) वेगवेगळ्या गल्ल्यांत गाठावे लागतील? शनिवारी किती वाजता जावं?

फोटोत काचेवरची चमक टाळायला पोलरायझर (लेन्सवरचा फिल्टर) नेतोय, फ्लॅश अजिबात नाही. मापं लिहून घ्यायला व्हर्निअर कॅलिपर नेला तर दुकानदार हरकत घेतात का? अलीकडे जाऊन आलेल्यांनी जरूर सांगा.