तोंड वाकडं झाल्यावर ग्रोथ फॅक्टरची इंजेक्शनं घ्यावीत का?

रानजाई:
मार्चमध्ये सकाळी आईचा चहा डाव्या ओठातून ओघळून पदरावर सांडला. डावा डोळा मिटेना. बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याची नस अचानक दुबळी होऊन एक बाजू लुळी पडणं. त्याच दिवशी स्टिरॉइड सुरू झालं. पुढच्या आठवड्यात एका क्लिनिकने पीआरपीच्या, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सच्या, सहा इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलं. म्हणे, ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढायला लावणारी प्रथिनं, मिळाली की नस वाढते. आम्ही घेतलं नाही. दहाव्या आठवड्यात आई नीट हसली. बेल्स पाल्सीत ही इंजेक्शनं विकणं चूक आहे, असं माझं ठाम मत. स्कॉटलंडमधल्या २००७ च्या चाचणीत ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू केलेल्यांपैकी ९४ टक्के नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले, न घेतलेल्यांपैकीही ८२ टक्के. मग एखादा इंजेक्शनामुळेच बरा झाला, हे ठरवायचं कसं?

अभय:
ताई, बेल्स पाल्सीपुरतं मान्य. पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका. माझ्या भावाच्या कानाखालची गाठ काढताना चेहऱ्याची नस कापावी लागली, पायातल्या नसेचा तुकडा जोडला. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. ओठाच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला महिने लागतात. नसेभोवतीच्या ‘श्वान’ (Schwann) नावाच्या आधार देणाऱ्या पेशी सुरुवातीला जीडीएनएफ, बीडीएनएफ हे नसेचे ग्रोथ फॅक्टर स्रवतात, पण काही महिन्यांत हा स्राव ओसरतो. मागाहून येणाऱ्या तंतूंना मग आधार कुठला? तिथे बाहेरून पुरवठा हवाच. नवजात उंदरांत चेहऱ्याची नस कापल्यावर मरू घातलेल्या तिच्या चेतापेशी जीडीएनएफमुळे जगल्यात.

प्राजक्ता (फिजिओ):
जगणं वेगळं, योग्य जागी पोचणं वेगळं. जीडीएनएफ एकाच जागी जास्त झालं की तंतू तिथेच घुटमळतात, पुढे सरकत नाहीत, हेही प्राण्यांमध्येच दिसलंय. आणि ज्याच्या शोधासाठी १९८६ चं नोबेल मिळालं तो एनजीएफ हा ग्रोथ फॅक्टर मुख्यतः संवेदनेच्या नसांचा, स्नायू हलवणाऱ्या नव्हे. जाहिरातीत मात्र सगळे एकाच पिशवीत. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचा घास चावताना डोळा मिटतो. त्यांची नस वाढली, फक्त ओठाकडचे तंतू डोळ्याच्या स्नायूत शिरले. आरशासमोर बसून डोळा उघडा ठेवत ओठ हलवायचा, हे आम्ही वर्षभर करतोय.

अभय:
म्हणूनच संशोधन हवं! कुठे, किती, किती दिवस, हे ठरवून सोडायचं. एनजीएफचेच थेंब २०१८ मध्ये अमेरिकेत बुबुळाच्या पारदर्शक पडद्याच्या एका आजारासाठी मंजूर झाले. वाट आहे, ती बंद करू नका.

रानजाई:
दादा, कापलेल्या नसेबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. पण ते चाचणीत व्हावं, रुग्णाकडून पैसे न घेता. बेल्स पाल्सीबद्दल मी तसूभर हलणार नाही. आईचा डोळा महिनाभर दिवसा थेंब घालून ओला ठेवला, रात्री कागदी टेपने मिटवला. नाहीतर बुबुळाला इजा झाली असती. त्या क्लिनिकमध्ये सहा इंजेक्शनांचा हिशेब झाला, डोळ्याबद्दल मात्र कुणी एक शब्द विचारला नाही.