सीमधलं मॅलॉक-फ्री अभ्यासातून काढावं का?

मिरकरवाडा: रत्नागिरीत डिप्लोमाच्या मुलांना सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. तिच्यात मेमरी मॅलॉकने मागायची आणि वापरून झाली की फ्रीने परत करायची. सहकारी म्हणतात, मेमरी स्वतःच सांभाळणाऱ्या पायथनच्या जमान्यात मॅलॉक-फ्री कशाला, वगळा. मला अजिबात पटत नाही. बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यासाठी मी तापमान नोंदवणारं यंत्र केलं होतं. चिपवर रॅम २० केबी, मोकळी १२. दर मिनिटाच्या नोंदीला १६ बाइट मागायचो, मेमरी वाटून देणाऱ्या अ‍ॅलोकेटरचे आठ वेगळे, आणि फ्री करायचं राहून गेलेलं. ५१२ मिनिटांत सगळं संपलं. संध्याकाळी सहाला चालू केलेलं यंत्र रात्री अडीचला गप्प. मेमरी संपते म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं. मुलांना ते वर्गातच कळायला हवं.

देवगडकर: सर, या उदाहरणातून उलटंच सिद्ध होतं. इतक्या लहान चिपवर मॅलॉक हवंच कशाला? आधीच राखून ठेवलेल्या जागांचा ठरावीक मापाचा अ‍ॅरे घ्यायचा. गाड्यांच्या सॉफ्टवेअरसाठी निघालेल्या मिस्रा सीच्या नियमांतही मॅलॉक-फ्रीला मनाई आहे. आणि मोठ्या प्रोग्रॅमचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्टनेच २०१९ मध्ये सांगितलं, त्यांच्या सुरक्षात्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांतून येतात. तिथे काय नवशिके बसलेत? २०१५ पासून रस्ट ही भाषा आहे, यातल्या बहुतेक चुका तिचा कंपायलरच प्रोग्रॅम चालण्याआधी अडवतो. मुलांना ते शिकवा.

सावंतवाडी: देवगडकरांनू, तुमचा म्हणणा माका पटाक नाय. रस्टमध्ये मालकी, म्हणजे कुठली मेमरी कोणाची, हाच मुख्य धडा, आणि मालकी कशासाठी लागते ते सीमध्येच कळतं. आमच्या सामाईक कलमांच्या सातबाऱ्यावर चौदा नावं. फवारणी कोणी करायची ते ठरेपर्यंत मोहोर जातो. एकाच जागेचा पत्ता ठेवणारे तीन पॉइंटर असले की तीच गत. एकाने फ्री केलं तरी दुसऱ्याकडे जुना पत्ता राहतोच, आणि तो त्यावर लिहितो. प्रोग्रॅम लगेच पडेलच असंही नाही, तीच खरी भीती.

देवगडकर: भीती हीच असेल तर पोरांना तिच्यात ढकलायचं का? घेतलेली जागा वाढवून मागणाऱ्या रीअ‍ॅलॉकचं उत्तर त्याच पॉइंटरमध्ये घ्यायची सवय मला कॉलेजातच लागली. जागा मिळाली नाही की हातात नल, म्हणजे रिकामा पत्ता, जुनी जागा तशीच अडकलेली, पत्ता गेला. शिकवणाऱ्याने एकदाही टोकलं नाही.

मिरकरवाडा: मिस्राचा मुद्दा मान्य, त्या यंत्रात आता अ‍ॅरेच आहे. पण तुमच्या बाबतीत चुकलं ते शिकवण्यात. मी पहिल्याच प्रॅक्टिकलला मेमरीच्या चुका पकडणारा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालू करून देतो. फ्री केलेल्या जागेला हात लावला की ओळ क्रमांकासकट चूक समोर येते. धडा मात्र मी काढणार नाही.

देवगडकर: मग दोन आठवड्यांत आटपा आणि उरलेलं सत्र रस्टला द्या.