जुन्या सायकलला २५० वॅटच बरी

भाऊ, तुम्ही विचारलंत की २८ इंची चाकाच्या जुन्या काळ्या सायकलला पुढे हलकी हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी विजेची मोटर, बसेल का. वर एकांनी थेट ५०० वॅटची सुचवली. माझं मत २५० वॅटचं. ताशी २५ किमीच्या आत राहिलं तर नोंदणी-लायसन्सची भानगड नाही, आणि सळईचे ब्रेक त्याहून जास्त वेग झेलतही नाहीत. मोटर आतून गिअरवाली घ्या, म्हणजे बॅटरी संपली तरी पायडल जड जात नाही.

मोटरचा आस साध्या आसापेक्षा जाड असतो. चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) खाचा कानशीने जरा रुंद कराव्या लागतात. टॉर्क आर्म, म्हणजे आसाला जागेवर धरून ठेवणारी पट्टी, लावाच, नाहीतर आस खाचेत फिरतो आणि वायर पिळून तुटते.

खरी काळजी आपल्या मे महिन्याची. ४५ अंशांत टिनाखाली बॅटरी चार्जिंगला लावू नका. शेतातून आल्यावर काढून घरात थंड होऊ द्या, रात्री लावा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरच्या बॅटरीत पायडल मारत तीसेक किमी निघतात.

पावसाळ्यात पांदणीची काळी माती मडगार्डात बसून चाक अडतं. तेव्हा थ्रॉटल अजिबात देऊ नका, कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारी डबी) तापतो. उतरून काडीने माती काढा.