टेम्प्लेट ठीक, पण खाते क्रमांकाचा रकाना बघा
एकदा एक्सेलचं टेम्प्लेट (ठरलेल्या रकान्यांचा तयार नमुना) बसवलं की पगाराची फाइल बँकेच्या पोर्टलवर बिनबोभाट चढते, असं म्हणतात ते खरं. फक्त खाते क्रमांकाचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. एक्सेल आकड्यातले पहिले 15 अंकच जपतं, त्यानंतरच्या अंकांच्या जागी शून्य घालतं. आमच्याकडे एकाचा 16 अंकी क्रमांक 7 वर संपायचा, फाइलमध्ये त्याचा 0 झाला. पोर्टलनं हूं की चूं केलं नाही. पगार परत आला तेव्हा कळलं. सुरुवातीचं शून्य तर गुपचूप गळतंच.

आणि हो, आयएफएससीतलं (बँकेच्या शाखेचा कोड) पाचवं अक्षर शून्य असतं, 'ओ' नव्हे. तेवढं व्हॅलिडेशन (आपोआप तपासणी) टेम्प्लेटमध्येच लावा. टेम्प्लेटमधून तयार झालेली सीएसव्ही (पोर्टलवर चढवायची साधी मजकूर फाइल) मात्र 'जरा बघू' म्हणून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलीत, की खाते क्रमांक पुन्हा तसेच बिघडतात आणि मुसळ केरात.